मुलाच्या वतीने कोणी बोलावे?

एखादे मूल मंदबुद्धीचे आहे असे म्हणणे हे मत की निवाडा? वरवर पाहता ते मत वाटते. शिक्षक ते सहज बोलून जातात; आईबापही रागाच्या भरात बोलतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. परंतु तेच वाक्य शाळेच्या दप्तरी लिहिले गेले, त्याखाली सही झाली आणि त्याच्या आधारे मुलाचा वर्ग, शाळा व पुढील आयुष्याची वाट ठरली, की तो निवाडा होतो. निवाडा म्हटला की साक्षीपुरावा आला, बाजू मांडणारा वकील आला, दाद मागण्यासाठी वरचे न्यायालय आले. मुलाच्या वाट्याला ह्यांतले काहीच येत नाही. सात वर्षांच्या मुलाला आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे वाचता येत नाही. त्याला वाचता येत नाही हाच तर त्याच्यावरचा आरोप असतो.

अशा वेळी त्याच्या वतीने कोणी बोलावे, आणि कोणत्या अधिकाराने, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचा विचार हवेत करण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणांच्या आधारे केलेला बरा. लंडनमधील कॅरिबियन मुलांचे आणि अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या मुलांचे प्रकरण त्यासाठी आम्ही घेतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला हातांची टंचाई भासू लागली. १९४८ पासून जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, ग्रेनाडा ह्या बेटांवरून हजारो माणसे तेथे गेली. कोणी बस चालविली, कोणी इस्पितळात रुग्णांची सेवा केली, कोणी कारखान्यात राबले. बहुतेकांनी मुले प्रथम आजीआजोबांकडे ठेवली आणि हातात चार पैसे येताच एकेकाला बोलावून घेतले. आईबाप परदेशी आणि मूल आजीच्या पदराआड, हे चित्र आमच्या वाचकांना अनोळखी नाही. ही मुले मागितलेल्या कामाच्या मोबदल्यात आलेली, ब्रिटिश साम्राज्याच्याच शाळांतून इंग्रजी शिकलेल्या आईबापांची मुले होती. शिक्षणाविषयी त्या आईबापांच्या मनात जी श्रद्धा होती तिला तोड नव्हती. इंग्रज मास्तर सांगेल ते खरे, असे मानणारी ती माणसे होती, आणि पुढे जे घडले त्याला ही श्रद्धाही काही अंशी कारण झाली.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांचे काही वर्ग पाडण्यात आले होते. त्यांतला एक ‘शैक्षणिकदृष्ट्या सामान्याहून कमी’ अशा मुलांचा. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा होत्या. तेथे अभ्यास बेताचाच असे, परीक्षांना बसण्याची वाट जवळजवळ बंद असे आणि बाहेर पडल्यावर हलक्या मजुरीवाचून दुसरे काही हाती लागणे कठीण. ह्या शाळांना बोलताना ‘खास शाळा’ म्हणत. घरी पत्र येई की आपल्या मुलाला खास शाळेत घालण्याचे ठरले आहे. कित्येक आईबापांना वाटे, आपले मूल विशेष हुशार निघाले! एका शब्दाने एवढा घात केल्याची उदाहरणे थोडी असतील.

लंडनच्या अंतर्भागातील शाळांचा कारभार पाहणाऱ्या शिक्षण प्राधिकरणाने १९६७ मध्ये एक अंतर्गत अहवाल तयार केला. तो लोकांसाठी नव्हता. परंतु बाहेर आला. त्यातील आकडे साधे होते. सर्वसामान्य शाळांत स्थलांतरितांची मुले १५ टक्के होती, तर ह्या खास शाळांत त्यांचे प्रमाण २८.४ टक्के. सामान्य शाळांतील स्थलांतरित मुलांपैकी निम्मी कॅरिबियन होती. खास शाळांतील स्थलांतरित मुलांपैकी मात्र तीन चतुर्थांश कॅरिबियन. ह्या शाळांच्या काही मुख्याध्यापकांचेच म्हणणे होते की आमच्याकडे पाठविलेल्या मुलांतील अनेकांची जागा येथे नाही. तरीही आत गेलेले मूल परत सामान्य शाळेत येण्याचे उदाहरण फारच विरळ होते.

हे आकडे हाती घेऊन बर्नार्ड कोअर्ड नावाचा ग्रेनाडाचा एक तरुण पुढे आला. पूर्व लंडनमधील अशाच शाळांत तो शिकवीत होता. कॅरिबियन शिक्षक आणि समाजसेवकांच्या एका परिषदेत त्याने निबंध वाचला. १९७१ मध्ये तो छोट्या पुस्तकाच्या रूपाने निघाला. त्रिनिदादहून आलेले कवी जॉन ला रोझ ह्यांच्या ‘न्यू बीकन’ ह्या संस्थेने तो छापला. ब्रिटिश शाळाव्यवस्थेत वेस्ट इंडियन मूल शैक्षणिकदृष्ट्या कमी कसे बनविले जाते, असे त्याचे लांबलचक नाव. त्यातील ‘बनविले जाते’ हे क्रियापद महत्त्वाचे. मूल कमी आहे काय, ह्या वादात लेखक अडकला नाही. ते कमी ठरते कसे, ती प्रक्रिया त्याने उघडी केली. पुस्तक त्याने विद्वानांसाठी लिहिले नव्हते. ते कॅरिबियन आईबापांसाठी होते: शाळेत जा, चौकशी करा, आम्हाला न विचारता मुलाची परीक्षा घेऊ नका असे सांगा, आणि स्वतःच्या शाळा काढा.

ती प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. मुलाची बुद्धी मोजण्यासाठी प्रश्नपत्रिका असे. प्रश्न इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या मुलाच्या शब्दांत असत. पाण्याच्या तोटीला इंग्लंडमध्ये जो शब्द आहे तो कॅरिबियन बेटांवर नित्याचा नाही. तेथे तिला ‘पाइप’ म्हणतात. आता नुकत्याच विमानातून उतरलेल्या मुलाला तोटीचे चित्र दाखविले आणि त्याने ‘पाइप’ असे उत्तर दिले, तर चूक कोणाची? तपासनीस चुकीची खूण करतो. खूण मुलाच्या खात्यावर जमा होते. घरी बोलली जाणारी बेटांवरची बोली स्वतःचे व्याकरण असलेली बोली आहे. शिक्षकांना ती मोडकीतोडकी इंग्रजी वाटली. घरच्या बोलीत विचार करून शाळेच्या भाषेत उत्तर द्यावयाचे म्हणजे काय, हे वसईच्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. त्यात भर म्हणजे जिला आई म्हणून ओळखले त्या आजीपासून तुटून, जिला नीटसे पाहिलेही नाही त्या आईकडे, थंडी आणि धुक्याच्या देशात मूल आलेले. ते वर्गात गप्प बसे किंवा भांडे. दोन्हींचा अर्थ एकच लावला गेला.

धर्मगुरू होण्यासाठी आम्ही सेमिनरीत शिकत असता संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या निवाड्यावरील प्रकरणाचा अभ्यास करावा लागे. तेव्हा ते प्रकरण आम्हाला रुक्ष वाटे. आज तसे वाटत नाही. योग्य निवाड्यासाठी ते तीन गोष्टी मागतात: निवाडा न्यायबुद्धीने व्हावा, ज्याला अधिकार आहे त्याने करावा आणि विवेकाने करावा. अधिकारावाचून केलेला निवाडा म्हणजे बळकावणी, आणि अपुऱ्या पुराव्यावर केलेला म्हणजे उतावीळपणा. पुढे ते आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती फार धाडसाची आहे. माणसाविषयी शंका असेल तेथे अर्थ चांगल्या बाजूने लावावा. अशाने आपण वारंवार फसू शकतो हे त्यांना ठाऊक आहे. तरीही एखाद्या वाईटास चांगले समजून फसणे हे एखाद्या चांगल्यास वाईट समजण्यापेक्षा बरे, असा त्यांचा कौल आहे. कारण पहिल्यात कोणावर अन्याय होत नाही.

शाळेच्या व्यवहारात हा नियम उलटा चालतो. संशय आला की मुलाला खाली ढकलावयाचे. वर ठेवून चूक झाली तर शाळेचा निकाल बिघडतो, खाली ठेवून चूक झाली तर फक्त मुलाचे आयुष्य बिघडते, आणि त्याचा हिशेब कोठेही ठेवला जात नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. ती शेजारणीच्या निंदेपुरती आहे अशी आपली समजूत असते. मुलाच्या प्रगतिपुस्तकाला ती लागू होत नाही असे मानण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. कॅरिबियन आईबाप कॅरिबियन मुलांसाठी बोलले. आफ्रिकन-अमेरिकन लोक आपल्या मुलांसाठी. आपल्याच लोकांसाठी बोलणे ही न्यायाची मागणी की जातीचा कैवार? ख्रिस्ताच्या शिष्याने सर्वांसाठी बोलावे, एका गटासाठी नव्हे, असे म्हणणारे सज्जन सर्वत्र भेटतात. आमचे उत्तर असे: ज्याने आघात पाहिला त्यालाच साक्षीला बोलावतात. कॅरिबियन आईला ठाऊक होते की तिचा मुलगा बाजारात जाऊन हिशेब बिनचूक करतो, धाकट्या बहिणीला गोष्टी रचून सांगतो. ही माहिती प्रश्नपत्रिकेजवळ नव्हती. आईने ती दडवून ठेवली असती तर निष्पक्षपाताचे पुण्य तिच्या पदरी पडले नसते. खरी साक्ष मात्र बुडाली असती.

कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये हीच साक्ष न्यायालयात उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोतील काही आफ्रिकन-अमेरिकन मुलांना बुद्धिमापन चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात बसविले होते. १९६८-६९ साली त्या राज्यातील शाळकरी मुलांत काळी मुले ९ टक्के होती, आणि अशा वर्गांत २७ टक्के. काळ्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेतील लोकांनी त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली. त्यांनी प्रश्न ओळखीच्या शब्दांत विचारले, मुलांशी आधी गप्पा मारून त्यांची भीती घालविली, आणि वेगळ्या शब्दांत दिलेल्या समंजस उत्तराला गुण दिले. मुले मतिमंदपणाच्या रेषेच्या वर गेली. १९७२ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम ह्यांनी तात्पुरती मनाई केली आणि १९७९ मध्ये कायमचा निकाल दिला: काळ्या मुलांना त्या वर्गांत घालण्यासाठी ह्या चाचण्या वापरू नयेत.

गोष्ट येथेच थांबती तर सुटसुटीत झाली असती. १९८६ मध्ये ही मनाई आणखी विस्तारली, आणि काही वर्षांनी आफ्रिकन-अमेरिकन पालकच न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे, आमच्या मुलाला शिकताना अडचण येते, तिचे कारण शोधण्यासाठी चाचणी हवी आहे. इतर वर्णांच्या मुलांना ती मिळते, आमच्या मुलाला केवळ वर्णामुळे नाकारली जाते. १९९२ मध्ये न्यायाधीश पेकहॅम ह्यांनीच तो विस्तारित आदेश मागे घेतला. समाजाने मुलाच्या वतीने बोलावे हे खरे. पण समाज म्हणजे आईबाप नव्हेत, आणि मूल तर दोघांहूनही निराळे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील प्रकरण याहून कडू आहे. ओशन हिल-ब्राउन्सव्हिल ह्या गरीब, बहुतांशी काळ्या आणि पोर्तोरिकन वस्तीला शाळांचा कारभार स्थानिक मंडळाच्या हाती देण्याचा प्रयोग मिळाला. मागणी रास्त होती. दुरून चालविलेल्या शाळांत मुले वर्षानुवर्षे मागे पडत होती. मे १९६८ मध्ये त्या मंडळाने काही शिक्षक व पर्यवेक्षकांना वस्तीतून हलविण्याची नोटीस दिली. शिक्षकसंघाने विचारले, दोषारोप कोणते, चौकशी कोठे? त्या शरद ऋतूत शहरभर संप झाला आणि सुमारे दहा लाख मुलांच्या शाळा कित्येक आठवडे बंद राहिल्या. हलविलेल्यांत बहुतेक ज्यू होते. काही पत्रकांतून ज्यूंविरुद्ध विष ओकले गेले आणि शिक्षकसंघाने ती पत्रके छापून वाटून आगीत तेल ओतले. दोन पीडित समाज एकमेकांसमोर उभे ठाकले. मुलावर पुराव्यावाचून शिक्का मारणे जसे अन्यायाचे, तसेच शिक्षकावर मारणेही. मुलाच्या बाजूने बोलणाऱ्याला ही सवलत मिळत नाही की त्याने दुसऱ्याविषयी उतावीळ निवाडा करावा. तरीही त्या वस्तीतील मातांनी गप्प बसावयास हवे होते असे कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही.

साक्षीदाराच्या चारित्र्याचा प्रश्नही येथेच घेऊन टाकू. बर्नार्ड कोअर्ड पुढे ग्रेनाडाला परतला, १९७९ च्या क्रांतीनंतर उपपंतप्रधान झाला, आणि १९८३ मध्ये पंतप्रधान मॉरिस बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारण्यात आले त्या प्रकरणी दोषी ठरला. १९८६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, १९९१ मध्ये ती जन्मठेपेत बदलली आणि २००९ मध्ये तो सुटला. म्हणून १९७१ चे पुस्तक खोटे ठरते काय? आकडे प्राधिकरणाचे होते, मुले खरी होती. सत्य ज्याच्या तोंडून आले त्याच्या हाताने पुढे काय केले, ह्यावर ते सत्य अवलंबून राहत नाही. मात्र एका समाजाची सगळी आशा एका तेजस्वी माणसाभोवती गुंडाळणे बरे नव्हे, हे आम्हाला येथे नोंदवावेसे वाटते. लंडनमध्ये काम टिकले ते शनिवारी चर्चच्या दालनांत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत भरणाऱ्या पूरक शाळांमुळे. जॉन ला रोझ ह्यांनी १९६९ मध्ये अशी एक शाळा सुरू केली होती. तेथे शिकविणारे बिनपगारी होते. आठवडाभर पाळीत काम करून शनिवारी सकाळी दुसऱ्याच्या मुलाला अपूर्णांक शिकविणे, ह्याचे पुस्तक कोणी छापत नाही.

आणि ख्रिस्तसभा? तिची नोंद संमिश्र आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. १८२८ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जेथे गुलामगिरी कायदेशीर होती, तेथे एलिझाबेथ लँग ही कॅरिबियनमधून आलेली कृष्णवर्णीय स्त्री आपल्या मैत्रिणीसह घरी मुलांना शिकवीत होती. हैतीच्या उठावानंतर तेथे आश्रयाला आलेल्या कुटुंबांची ती मुले. फादर जुबेर नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंना धर्मशिक्षण देताना आढळले की मुलांना वाचताच येत नाही. प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावयाची तरी कशी? त्यांनी लँग ह्यांना हाक दिली. २ जुलै १८२९ रोजी चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी व्रते घेतली आणि ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स हा संघ जन्मला. १८४३ मध्ये फादर जुबेर वारले. त्यानंतर वरिष्ठांनी संघाकडे पाठ फिरविली आणि ह्या भगिनींनी लोकांचे कपडे धुऊन, शिवणकाम करून शाळा चालू ठेवली. त्यांची सेंट फ्रान्सिस अकादमी आजही बाल्टिमोरमध्ये आहे. मदर मेरी लँग ह्यांना २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘पूजनीय’ घोषित केले. वर्षांचा हिशेब वाचकांनी करावा.

१८८९ मध्ये गुलामीत जन्मलेले पत्रकार डॅनियल रड ह्यांनी वॉशिंग्टनमध्ये काळ्या कॅथॉलिकांची पहिली परिषद भरविली, आणि तिच्या मागण्यांत शाळा अग्रभागी होत्या. मागणी कोणाकडे? इतरांबरोबर आपल्याच ख्रिस्तसभेकडे. सेंट लुईसच्या आर्चबिशप रिटर ह्यांनी कॅथॉलिक शाळांतील वर्णभेद बंद केला तो १९४७ मध्ये. विरोध करणाऱ्या कॅथॉलिक पालकांना धर्मबहिष्काराची तंबी द्यावी लागली, तेव्हा कोठे ते थांबले.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले. तेही आपल्याच लोकांसाठी बोलले. त्यांनी तसे बोलू नये, सर्वांसाठी बोलावे, असा उपदेश त्यांना त्या काळीही झालाच असेल.

लंडनच्या आईबापांचा आवाज कोठवर पोहोचला हे पाहिले म्हणजे कैवाराचा आक्षेप आणखी पातळ होतो. १९७८ च्या वॉर्नॉक समितीने मुलांचे असे वर्ग पाडणेच बंद करण्याची शिफारस केली, १९८१ च्या शिक्षण कायद्याने ते नाव कागदावरून काढले, आणि मुलाच्या मूल्यमापनात पालकांना बोलण्याचा अधिकार दिला. ह्याला अनेक कारणे होती. कॅरिबियन पालकांची चळवळ त्यांतले एक. परंतु नवा अधिकार गोऱ्या मजुराच्या आईलाही मिळाला. १९८१ चा रॅम्प्टन अहवाल आणि १९८५ चा स्वान अहवाल ह्यांनी शिक्षकांच्या पूर्वग्रहाची सरकारी पातळीवर नोंद केली. तथापि इंग्लंडच्या शाळांतून कायमचे काढून टाकलेल्या मुलांत कॅरिबियन मुलांचे प्रमाण त्यानंतरही अनेक दशके सरासरीहून बरेच जास्त राहिले. नाव गेले तरी सवय राहिली असावी.

२०२० मध्ये स्टीव्ह मॅक्वीन ह्यांनी ह्या विषयावर ‘एज्युकेशन’ हा चित्रपट काढला, आणि २०२१ मध्ये बीबीसीने माहितीपट दाखविला. त्यात एके काळी ‘कमी’ ठरविलेली माणसे आपल्या तोंडाने बोलली. कोणी पन्नाशीपलीकडचे, कोणी साठीचे. काहींना वाचता येऊ लागले ते मोठेपणी. आईबापांपैकी अनेक तोवर हयात नव्हते. तो शिक्का ह्या माणसांनी आपल्या मुलांपासूनही लपवून ठेवला होता. आता त्यांतील काही जण सार्वजनिक चौकशीची मागणी करीत आहेत.